माईकवरचं नाव

माईक हातात घेण्याआधी आप्पा शर्टाचं वरचं बटण लावायचे. रिक्षात मागं बसलेला माणूस कुणाला दिसणार? मी चेष्टा केली की म्हणायचे, "दिसत न्हाई, पन ऐकू येतंय."

केडगाव, यवत, वरवंड या पट्ट्यात आमची भोंगा लावलेली रिक्षा तुम्हीही ऐकली असेल. मी चालवायचो, ते बोलायचे. साड्यांचा सेल, डोळ्यांचं शिबिर, उद्या पाणी येणार नाही. आता आप्पा नाहीत आणि भोंग्यावर रेकॉर्डिंग वाजतं.

माईकवर नाव घ्यायचं ते पूर्ण, हा त्यांचा कायदा. एकदा निवडणुकीला उभ्या राहिलेल्या पिंटूशेठचा प्रचार त्यांनी तीन दिवस 'श्रीयुत पुरुषोत्तमराव' म्हणून केला. चौथ्या दिवशी शेठनी रिक्षा अडवली. "आप्पा, ह्यो कोण उभा ऱ्हायलाय माझ्या विरोधात?" आप्पा हसले नाहीत.

कारण मला फार उशिरा कळलं. त्यांच्या वडिलांना गावानं जन्मभर अर्ध्या नावानं हाक मारली, म्हातारपणीसुद्धा, पोरासोरांनीसुद्धा. आप्पांनी पहिल्यांदा माईक धरला तो भीमजयंतीला, आणि त्या दिवशी वडिलांचं नाव आडनावासकट गावाला ऐकवलं. "माझ्या माईकवर कुणाचं नाव मोडायचं न्हाई," ते म्हणत. मला त्यांचा अभिमान वाटायचा, अजून वाटतो. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

बारा-तेरा वर्षांपूर्वी वरवंडच्या बाजारातून चार वर्षांची एक मुलगी हरवली. दुपारी आम्हाला बोलावणं आलं. मुलीचा चुलता रिक्षात बसला, त्यानं अंगणवाडीतलं नाव सांगितलं आणि म्हणाला, "पन आप्पा, घरी चिमी म्हणत्यात. चिमीच म्हणा."

"पोरीला चांगलं नाव हाय ना? मग त्येच घेऊ."

संध्याकाळपर्यंत आम्ही गल्लीबोळ पालथे घातले. "कुमारी वैष्णवी, अंगात पिवळा फ्रॉक..." मुलगी सापडली नाही. आजतागायत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्या प्रकरणावर सिरीज करायला मुंबईहून माणसं आली. त्यांनी आप्पांना रिक्षात बसवून तीच घोषणा पुन्हा म्हणायला लावली. आप्पांनी खड्या आवाजात म्हटली. "जरा दुःखी आवाजात घेऊ या का?" दिग्दर्शकानं विचारलं.

"तवा मी दुःखी नव्हतो सायेब. पोरगी घावंल असंच वाटत व्हतं."

सिरीज आली तेव्हा आम्ही ती माझ्या मोबाइलवर पाहिली. चार भाग. संशय सगळ्यांवर, उत्तर कुठंच नाही. शेवटच्या भागात मुलीची आई बोलली.

"गाडी दारावरनं गेली तवा मी नाव ऐकलं. पन आधी मलाच उमगलं न्हाई, की माझ्या चिमीचं हाय. मग तिला कसं उमगावं?"

बोलण्यात तक्रार नव्हती. आप्पांनी ते तीनदा लावायला सांगितलं. मग म्हणाले, "तिथंच कुठंतरी आसंल रे पोरगी. आपली गाडी तिच्या जवळनं गेली आसंल." चुलता सांगत होता तेव्हा मीही पुढं गप्प बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "वरवंडला चल." काम कुठलंच नव्हतं. बाजारतळावर त्यांनी माईक उघडला. "चिमे! ए चिमे! घरी ये गं."

दुकानदार बाहेर आले. कुणीतरी हसलं. कुठं असलीच तर ती एव्हाना पंधरा-सोळा वर्षांची असेल. मला आधी लाज वाटली आणि मग त्या लाजेचीच लाज वाटली. आप्पा मात्र थांबले नाहीत. दर वळणावर तीच हाक, आणि दर वळणाला आवाज आणखी फाटत गेला.

तिच्या गल्लीत शिरलो तर आई दारात उभी. मी ब्रेक मारला. आप्पांनी भोंगा बंद केला, खाली उतरले आणि हात जोडले. "पोरी, माझं चुकलं."

ती आप्पांकडं बघेना, भोंग्याकडंच बघत राहिली.

"बंद कशाला केला, आप्पा?" ती म्हणाली. "फुडच्या आळीत बी म्हणा."