एकाच दिशेनं ढवळलेला साबण

पिकाला घालायचं शेण-गोमूत्राचं जीवामृत एकाच दिशेनं ढवळायचं, उलटं फिरवलं की ते मरतं, हे आमच्या वडवणीकडं लेकरूही सांगतं. थोरल्या जाऊबाई आणि मी जनावरांच्या गोचिडांवर कडुनिंबाच्या तेलाचा साबण करायला घेतला, तेव्हा तीच शिस्त लावली. स्टीलची टाकी, वर मोटार, आत पंखा; टाकीत तेल आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी. मोटार उजवीकडं फिरायची, तिच्यासोबत आतलं सगळं गरगर फिरायचं आणि आम्ही दोघी खूश.

टाकीच्या तळाच्या तोटीतून साबण साच्यात ओतला, वड्या वाळवल्या. पहिली वडी देवापुढं, बाकीच्या आठवडी बाजारासाठी बाजूला. त्याच दिवशी माझा थोरला भाऊ लिंबागणेशहून आला. त्याची गाभण शेळी गोचिडांनी बेजार झालेली. घरच्या माणसाला काय, म्हणून शेवटच्या, टाकीची खरवड काढून केलेल्या दोन वड्या त्याच्या पिशवीत टाकल्या.

दुसऱ्या दिवशी बघते तर देवापुढच्या वडीला पाणी सुटलेलं आणि खालचं ॲल्युमिनियमचं ताट काळं पडलेलं. जाऊबाईंनी बोटानं पुसलं आणि हात झटकला.

"आगं, बोट भाजलं मह्यं. कॉस्टिक तसंच हाय की ह्यात."

त्याच घाण्यातल्या दोन वड्या दादाकडं गेलेल्या. दादाचा फोन बंद. तशीच बस धरली.

बसमध्ये मी स्वतःलाच शिव्या घालत होते. ताक करताना रवी कशी जाते-येते, दोरी इकडं ओढ, तिकडं ओढ, म्हणून तर लोणी निघतं. आमच्या टाकीत तेल वरच्या वर फिरलं, कॉस्टिकचं पाणी तळाशी फिरलं, दोघांची गाठच पडली नाही. जीवामृताचा नियम साबणाला लावणारी मी मोठी शहाणी. त्या मुक्या जिवाचं कातडं सोललं असेल, पोटातलं पिल्लू गेलं असेल, एवढंच डोक्यात घुमत होतं.

दादा दारातच शेळीजवळ बसला होता.

"साबण लावलास का रे?"

"लावला की," तो भडकलाच. "साबण म्हन्तीस व्हय त्याला? फेस न्हाई, काई न्हाई. निस्तं तेल. शेळी हातातून सटकायलीय."

शेवटच्या वड्या. म्हणजे टाकीतलं वरचं तेलच. माझा जीव भांड्यात पडला. मी खाली बसले, त्या तेलकट शेळीच्या गळ्यात पडून रडले. ती निवांत रवंथ करत होती. दादाला सगळं सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला.

"बरं झालं, चिक्कू हायेस."

परत येऊन टाकीला आतून उभ्या पट्ट्या वेल्डिंग करून घेतल्या. आता फिरणारं पाणी पट्टीवर आपटतं, वळतं, तेलाला खाली ओढतं. नव्या वड्यांचं ताट काळं पडलं नाही. शेळीलाही दोन करडं झाली होती. दादा पुन्हा आला तेव्हा मी मोठ्या मानानं पहिली वडी त्याच्यापुढं धरली.

त्यानं हात मागं घेतला. "ती देवाला ठिव. मला आपली खरवड दी."