रजई नसलेली बॅग

प्रवेशाचा निकाल लागायचा होता ऑगस्टच्या अखेरीस, पण बॅग भरायला जुलैपासूनच सुरुवात झाली होती. इसिदोरा, म्हणजे घरची दोरा, समुद्रापलीकडच्या थेस्सालोनिकी शहरात जाणार आणि जनावरांची डॉक्टर होणार, याबद्दल गावात कुणालाच शंका नव्हती. अख्ख्या खिओस बेटावर गाढवाच्या खुराला हात लावताना न कचरणारी पोरगी ती एकटीच. परीक्षेत गुणही तिनं तसेच मिळवले होते.

बॅग भरत होती तिची आई, आर्गिरो. कोपऱ्यावर दोराच्या नावाचं अक्षर भरलेले सहा टॉवेल, घरच्या ऑलिव्हची बरणी, तिथल्या आत्याला द्यायला मस्तकीच्या सुगंधी डिंकाची पुरचुंडी. दर दोन दिवसांनी आर्गिरो बॅग उघडायची, नीट लावायची, पुन्हा बंद करायची. बघणाऱ्याला वाटावं, आई असावी तर अशी.

शेजारची कालिओपीमावशी मात्र खोचक बाई. गल्लीत खुर्च्या टाकून सगळ्या मस्तकी निवडत बसल्या होत्या, तेव्हा तिनं विचारलंच. “आर्गिरो, टॉवेलांचं दुकान काढायचंय का पोरीला? रजई कुठंय? तिकडचा वारा हाडं गोठवतो म्हणतात!”

“पाठवीन नंतर बोटीनं,” आर्गिरो म्हणाली आणि चाकूच्या टोकानं डिंकाच्या खड्याची माती खरवडत राहिली. दोरालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

निकाल मोबाईलवर आला तेव्हा दोरा शेतात होती. झाडांखाली पसरलेल्या पांढऱ्या मातीवर डिंकाचे थेंब सुकले होते, ते ती वेचत होती. तिनं वाचलं, परत वाचलं. प्रवेश मिळाला होता तो खिओसलाच. व्यापार-व्यवस्थापन! घरापासून बसनं पाऊण तास.

ती घरी पोहोचेपर्यंत बातमी पोहोचलीच होती. कालिओपीमावशी तोंड गोड करायला चमच्यात संत्र्याच्या सालीचा मुरांबा घेऊन दारात उभी. आर्गिरोनं लेकीला छातीशी धरलं. “जाऊ दे गं बाळा. नशिबात नव्हतं. इथंही विद्यापीठच आहे ना!”

दोरा त्या दिवशी आईच्या गळ्यात पडून रडली. पुढं तिला सगळ्यात जास्त राग आला तो त्या रडण्याचाच.

कारण दुसऱ्या दिवशी तिच्या शिकवणीच्या सरांचा फोन आला. “इसिदोरा, थेस्सालोनिकीचं कटऑफ तुझ्या गुणांपेक्षा तीनशेंनी खाली आहे. तू पसंतीक्रमात खिओस सगळ्यात वर कशाला टाकलंस?”

“मी टाकलंच नाही, सर. माझ्या फॉर्मवर खिओस शेवटचं होतं.”

“मग एकदा फॉर्म उघडून बघ.”

तिनं बघितला. पसंतीक्रमात पहिल्या नंबरावर खिओस. बदल केल्याची तारीख मुदतीच्या शेवटच्या दिवसाची, वेळ सकाळी अकरा वीसची. त्या वेळी दोरा झाडांखालची जमीन झाडत होती. घरी एकटी आई होती. आणि फॉर्मचा पासवर्ड? तो दोरानंच स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवला होता, बाबांच्या जहाजाचा नंबर आणि गॅसवाल्याचा नंबर होता त्याच्याच खाली. त्या घरात महत्त्वाचं सगळं तिथंच लिहायची रीत होती. घरच्यांपासून काय लपवायचं?

आर्गिरो वाल सोलत होती. दोरानं लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला. याच लॅपटॉपवर आर्गिरो दर रविवारी नवऱ्याशी बोलायची, त्यामुळे मला यातलं काय कळतंय, असं म्हणायची सोय नव्हती.

“तू केलंस?”

आर्गिरोनं दोन शेंगा सोलल्या. मग म्हणाली, “तुझा बाप वर्षातले दहा महिने समुद्रावर. तूही गेलीस तर मी काय या भिंतींशी बोलू?”

“मला सांगायचंस! भांडायचंस!”

“भांडले असते तर तू थांबली असतीस?”

“नसते थांबले.”

“मग?”

“मग केसानं गळा कापायचा? आणि ते टॉवेल गं? त्या दिवसानंतरही भरत बसली होतीस तू टॉवेल!”

आर्गिरो मान खाली घालून रडायला लागली. दोराला वाटलं होतं, आईला रडताना बघून आपण विरघळू. तसं काही झालं नाही. रजई का भरली नव्हती, ते तिला आत्ता कळलं होतं.

त्यानंतर चौथ्या दिवशी, नावनोंदणीची मुदत संपायच्या आदल्या सकाळी, आर्गिरोनं वाल सोलता सोलता हळूच विचारलं, “उद्या जायचं ना शहरात? मी येते बरोबर.”

“मी नाव घालणार नाही,” दोरा म्हणाली. “पुढच्या वर्षी परत परीक्षा देणार. तोवर मस्तकी निवडीन.”

“म्हणजे वर्षभर घरीच?”

आणि आर्गिरोचा चेहरा उजळला. लगेच तिनं तो आवरला, कपाळावर आठ्याही आणल्या, पण दोरानं पाहायचं ते पाहिलं. लेकीचं एक वर्ष वाया जाणार होतं आणि आईला आनंद झाला होता.

दोरा उठली, अंगणात गेली आणि थेस्सालोनिकीच्या थेक्लाआत्याला फोन लावला. आत्याचं बोलणं मोजकंच असायचं. “खोली तुझ्यासाठी झाडून ठेवलीय. खालच्या बेकरीत माणूस हवंय. अभ्यासही इथंच कर.”

ती आत आली. बॅग अजून दाराशीच होती.

“आई, रजई दे.”

आर्गिरो जागची हलली नाही. “कोणती रजई?”

दोरानंच स्टूल ओढलं, कपाटावरची रजई उतरवली आणि बॅगेत कोंबली. बॅग बंद होईना. तेव्हा तिनं एकेक करून सहाही टॉवेल बाहेर काढले आणि आईसमोर, वालाच्या शेंगांशेजारी, नीट घडी घालून ठेवले.