ती जागा मोकळीच होती

रविवार, १४ तारीख, सकाळी अकरा वाजता माझ्या नवऱ्याचं अपुरं राहिलेलं मॉडेल काही लोकांनी पूर्ण करून टाकलं.

मला न विचारता.
फीत कापून.

अविनाशला जाऊन त्या दिवशी एक वर्ष झालं. मंडळाचा अध्यक्ष पंकज, त्याचा फोन आला. "काकू, समाजमंदिरात या न, सरप्राइज आहे." मला वाटलं फोटोला हार घालतील, चहा देतील. गेले.

आज मंगळवार. लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. अविनाश माजरीकडे कोळशाच्या खाणीत सर्व्हेअर होता. नोकरीत त्याने एक गाव मोजलं. मग खाण तिथवर आली, गाव उठलं, लोकांना इकडे नव्या गावात प्लॉट मिळाले. जुन्या गावाच्या जागी आज खड्डा आहे. काठावरून पाहिलं तर तळाचा डंपर खेळण्यातला वाटतो.

रिटायर झाल्यावर त्याने ते गाव प्लायवूडवर करायला घेतलं. एका सेंटिमीटरला दोन मीटर.

मी हसले होते. कारण तोवर आमच्या घरात एक जहाज होतं, शिडांशिवाय. एक रेल्वे इंजिन, चाकांशिवाय. एका विमानाला एकच पंख, दुसरा टीव्हीच्या मागे. पहिला महिना जेवायला उठायचं नाही, मग "उद्या करतो".

"आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर असत्या ना, तुला बेंचवर उभं केलं असतं," मी म्हणायची.

गावाचंही तेच झालं. दोन गल्ल्या झाल्या. बांबूच्या काड्यांचे वासे, भाजलेल्या मातीची कौलं, तांदळाच्या कणीएवढी. सुंदर.

मग एक दिवस त्याने टेबलावर चादर घातली.

"आता काय झालं?"
"माझ्याकडे फक्त हद्दी आहेत ग. दारं कुठल्या बाजूला होती, ते मी मोजलंच नव्हतं."

तीन वर्षं चादर.
भाच्याने मोटिव्हेशनचे व्हिडिओ पाठवले. त्याने एकही उघडला नाही.
टेबल व्हरांड्यात होतं. मी त्या चादरीवर पापड वाळवले.

एकदा पापड गोळा करायला मदत करताना पार्बताबाईने चादरच ओढली. पार्बताबाई त्याच गावची, आमच्याकडे मासळी घेऊन यायची. सोबत तिची जाऊ, सुमनबाई.

"अवो बाई, हे तं आपलं गाव होय! माहं घर कुठी आहे जी, भाऊ?"
"नाही बसवलं. तुमचं दार कुठे होतं, मला माहीत नाही."
"मंग इचारलं काऊन नाई? तळ्याकडं दार. आन दारापुढं बाभूळ."
"बाभूळ माह्या दारापुढं होती," सुमनबाई म्हणाली. "तुह्या दारापुढं काहीच नव्हतं. मोकळं होतं. सगळे जाळे वाळवत तिथी."
"तुले काय आठोते? तू तं लगन होऊन उशिरा आली."
"उशिरा आली म्हणून आंधळी होती का मी?"

टोपलीतली मासळी उन्हात, आणि ह्या दोघी भांडताहेत. शेवटी पार्बताबाईच म्हणाली, "हो वं. मोकळंच होतं. पोरं बी तिथीच खेळत."

मी वळून पाहिलं तर अविनाश ड्रॉवरमध्ये गोंदाची बाटली शोधत होता.

त्यानंतर चादर पुन्हा पडली नाही. नियम एकच. दोन माणसांचं एकमत झालं तर चिकटवायचं. नाही झालं तर प्लायवूड उघडं ठेवायचं, त्यावर पेन्सिलने प्रश्नचिन्ह. लोक यायचे, भांडायचे, चहा पिऊन जायचे. सुमनबाईच्या दारापुढे बाभूळ उभी राहिली.

पार्बताबाईच्या दारापुढे प्लायवूड उघडंच. पण तिथे प्रश्नचिन्ह नव्हतं.

"इथे काही लावायचं नाही," तो म्हणायचा. "हे झालंय."

तो गेला तेव्हा बरीच प्रश्नचिन्हं शिल्लक होती. मॉडेल मी समाजमंदिराला दिलं. काचेत ठेवा, हात लावू नका, म्हातारी माणसं येतील, सांगतील, एवढंच म्हटलं.

रविवारी पंकजने फीत कापून पडदा ओढला.

हिरवं प्लास्टिकचं गवत. काठापासून काठापर्यंत. लग्नाचे स्टेज सजवणाऱ्या डेकोरेटरकडून.
नारळाची झाडं. आमच्याकडे! नारळ!
लाल-पिवळे लाइट.
आणि पार्बताबाईच्या दारापुढे कारंजं. निळं.

"काकू, सरांचं अधुरं स्वप्न पूर्ण केलं न आम्ही."

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

पण खरा धक्का त्यानंतर बसला.

पार्बताबाई पुढे आली. एकटीच. सुमनबाई दिवाळीआधी वारली. पार्बताबाईने वाकून पाहिलं. मला वाटलं, आता ही पंकजची पूजा बांधते.

"असन बा," ती म्हणाली. "पाणी असन इथी. मलेच आठवत नसन आता. शिकलेल्या पोराईनं केलं, तं बरोबरच केलं असन."

आणि मागे सरली.

भांडायला सुमनबाई नव्हती ना.

पंकज, आणि मंडळाचे सर्व सदस्य. तुमचा हेतू चांगला होता, हे मला ऐकायचं नाही. मला लेखी उत्तर हवं. गवत कधी काढणार? आणि त्याखालची पेन्सिलची प्रश्नचिन्हं शाबूत आहेत, की तुमच्या गोंदात गेली? येत्या शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत. व्हॉट्सअ‍ॅपवर जोडलेले हात हे उत्तर धरलं जाणार नाही.

पाचनंतर मी स्वतः पत्र्याची पट्टी घेऊन येईन. पार्बताबाईला खुर्चीवर बसवीन आणि खरडायला घेईन. सुरुवात तिच्या दारापासून. ती म्हणाली इथे कारंजं होतं, तर मी म्हणेन नव्हतं. ती म्हणाली बाभूळ होती, तरी म्हणेन नव्हती. कोणीतरी तिच्याशी भांडायला हवं.

अविनाश, तुझं काम अपुरंच राहील.
शब्द देते.