हनुवटीला बोट नसतं

वायरमन नाना पाखरू कधी बोटाने दाखवत नसत. हनुवटीने दाखवत. "बोट उचललं की पाखरू उडतं," असं त्यांचं म्हणणं. हात पाठीमागे बांधलेले, तोंड मिटलेलं आणि खुंट वाढलेली हनुवटी जराशी वर. मग आपण त्या दिशेला शोधत राहायचं. कधी खंड्या दिसे, कधी वेडे राघू, एकदा तर कुंपणाखालून निघालेलं मुंगूस आणि त्याच्या मागे दोन पिल्लं.

नाशिकरोडला आमच्या कॉलनीत ते शेजारच्याच घरात राहायचे. मूळचे सिन्नरकडचे. खांबावर चढले की लवकर उतरत नसत. खाली ताटकळलेल्या बायका विचारायच्या, "नाना, तारा जोडताय का पाखरं मोजताय?" नाना वरूनच शांतपणे सांगत, "दोन्ही." तारेवर शेपटी दुभंगून बसणाऱ्या काळ्या कोतवालाला ते आपला सहकारी मानत. "आम्ही एकाच खात्यातले. फरक इतकाच, त्याची बदली होत नाय."

मी तेव्हा सातवीत होते, कॉन्व्हेंट शाळेत. शाळेत इंग्रजी बोलायचं, घरी मराठी, आणि मी दोन्हीकडे बोलत नसे. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसायची. नानांच्या अंगणात मात्र जाऊन बसता यायचं, कारण ते कितवा नंबर आला, मोठेपणी काय होणार, असलं काही विचारत नसत. एकदा मी धीर करून शाळेच्या पुस्तकात वाचलेलं सांगितलं, की कोतवालाला इंग्रजीत ड्राँगो म्हणतात. नानांनी गंभीरपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्याला ठाऊक हाय का?" त्या दिवशी मी कितीतरी वेळ हसत होते.

त्या वर्षी मार्चच्या शेवटी ते आठवडाभर रोज आमच्या व्हरांड्याकडे हनुवटी उचलत होते. व्हरांड्याच्या मागे शेवग्याचं झाड होतं. मी रोज शेवगा धुंडाळायची. एक चिमणी सोडली तर मला काही दिसलं नाही, पण दिसलं नाही हे सांगायची लाज वाटून मी मान हलवायची. नानांना वाटलं, हिला दिसलं.

शनिवारी आई म्हणाली, चौदा एप्रिलची जयंती जवळ आली, उद्या चुना द्यायला माणूस येतोय, व्हरांड्यातली जळमटं काढून टाक. मी लांब काठीचा झाडू घेतला. दिव्याच्या वायरीला एक लोंबतं जळमट होतं, वाळकी पानं, कागदाचे कपटे, धागे अडकलेलं. एका फटक्यात ते खाली आलं. पडल्यावर त्याच्या बाजूला एक गोल दार दिसलं. आत दोन उघडी पिल्लं होती, माझ्या अंगठ्याच्या नखाहून जरा मोठी, आणि त्यांच्या चोची उघडत होत्या.

मी ते घरटं ओंजळीत घेऊन नानांकडे पळाले. ओंजळ त्यांच्यापुढे धरली. त्यांनी पाहिलं. "आधी मेन बंद," एवढं म्हणाले आणि स्टूल आणि काळी टेप घेऊन आले. घरटं होतं त्याच जागी, त्याच उंचीवर, दार पूर्वी होतं त्याच बाजूला करून त्यांनी वायरीला बांधलं. "वीतभर सरकलं तरी तिला घर सापडायचं नाय." मग आम्ही त्यांच्या पायरीवर बसून राहिलो. बराच वेळ गेला. मी रडत म्हणाले, मी रोज शेवग्यात बघत होते, मला काहीच दिसलं नव्हतं. नाना म्हणाले, "मग चूक माझी पण हाय, बेबी. हनुवटीला बोट नसतं."

तेवढ्यात ती आली. पोटाखाली पिवळी, चोच बाकदार, शिंजिराची मादी. वायरीवर बसली, टेपवर दोनदा चोच मारून पाहिली आणि दारात डोकं घातलं.

पण चुना उद्या होताच. मी नानांना म्हणाले, पप्पांना तुम्ही सांगा. माझे पप्पा कोर्टात कारकून होते. जयंतीला घर लख्ख हवं, हा त्यांचा दरवर्षीचा हट्ट होता आणि मालेगावचे पाहुणे येणार होते. नानांनी नाही म्हणून मान हलवली. "खांबावरचं माझं, घरातलं तुझं. तूच सांग."

पप्पा पेपर वाचत होते. मी दारात उभी राहिले आणि सगळं सांगितलं, मीच पाडलं हेही. इतकं सलग मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. पप्पांनी पेपर खाली ठेवला.

"किती दिवस?"

"उडेपर्यंत."

"मग उडेपर्यंत," ते म्हणाले.

जयंतीच्या दिवशी सगळं घर पांढरंशुभ्र होतं आणि व्हरांड्याचा एक कोपरा कळकट. पाहुण्यांनी विचारलं तेव्हा पप्पा म्हणाले, "तिथं भाडेकरू राहतात. त्यांच्याबद्दल बेबीला विचारा." आणि मी पाहुण्यांना सांगितलं. दबक्या आवाजात, पण शेवटपर्यंत. पिल्लं त्यानंतर चार दिवसांनी उडाली.

दोन वर्षांनी नानांची मालेगावला बदली झाली. सकाळी सामानाचा टेम्पो लागला. कॉलनीतले सगळे जमले होते. आई नानांना काहीबाही सांगत होती, पप्पांनी त्यांचे हात हातात घेतले होते. मी रात्रभर एक वाक्य जुळवलं होतं. माझी वेळ आली आणि ते वाक्य बाहेर आलंच नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. नानांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, हात पाठीमागे बांधले आणि माझ्या डोक्यावरून पलीकडच्या तारेकडे हनुवटी उचलली.

मी वळले. सगळेच वळले. मी खांबापासून खांबापर्यंत तार शोधली, शेवगा शोधला, कुंपण शोधलं. मागे टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. परत वळले तोवर नानांना घेऊन तो कोपऱ्यावरून वळत होता.

तारेवर काही नव्हतं. इतक्या वर्षांत नानांनी एकदाच खोटी हनुवटी उचलली, आणि ती माझ्यासाठी.