दापोडीतली खोली

शहरात आलं की जुनी बंधनं सैल होतात, हे मला प्रबंधात दाखवायचं होतं. खरं सांगते, समाजशास्त्राशी माझं फारसं देणंघेणं नव्हतं. विशीतच नवरा गेला. सासऱ्यांनी शिकू दिलं, तेवढंच सुख. बाकी माजघरात दिवस ढकलत होते. शहर खरंच तसं असेल तर आपणही तिथे एक खोली घेऊन राहू, एवढाच माझा हिशेब होता.

म्हणून एकोणीसशे पन्नासच्या दशकात मी पुण्याहून दापोडीला खेपा घालायची. रेल्वेलगतच्या चाळीत कामगारांची बिऱ्हाडं होती, कुणी कोकणातलं, कुणी मराठवाड्यातलं. गावी एकमेकींच्या हातचं पाणी न पिणाऱ्या बायका इथे शेजारणीच्या तव्यावर भाकरी भाजून घेत. मी हरखून गेले. चाळीची मालकीण तिथल्याच जुन्या शेतकरी घरातली. तिच्याशी कोपऱ्यातल्या खोलीचं बोलूनही ठेवलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने मलाही बोलावलं. माझं मोकळं कपाळ म्हणजे शिकलेल्या पोरींची तऱ्हा, असं त्या सगळ्या समजून चालल्या होत्या. कुंकवाचं बोट पुढे करत मालकीण हसली. "लगीन कधी करनार, बाई? का नुसतं आमालाच इचारत बसनार?"

वर्षभर मी त्यांना नाही नाही ते विचारलं होतं आणि त्यांनी सगळं सांगितलं होतं. मग मीही सांगितलं.

तिने बोट ताटाच्या काठाला पुसलं. "बरं झालं सांगितलंत," कोकणातली म्हणाली. मराठवाड्यातलीने मान डोलावली. नळावर रोज भांडणाऱ्या बायकांचं यावर मात्र चटकन जमलं. कुणी वाकडं बोललं असतं तर मी भांडले असते, मी काही गरीब गाय नव्हते. पण तिळगूळ त्यांनी मला ओंजळभर दिला.

निघताना मालकीण रस्त्यापर्यंत आली. तिचे डोळे भरले होते. "खोलीचं न्हाई जमायचं, बाई. सकाळी कामावर निघताना गड्यांना तुमीच समोर दिसनार. मशीनवरची कामं हायत. कुनाचा हात गेला तर?"

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी प्रबंधाची तारीफ केली. शेजारणीच्या तव्याचा पुरावा त्यांना फार आवडला, आणि तो खोटा नव्हताच. "एकच उणीव," ते म्हणाले, "त्या वस्तीत राहून अभ्यास करायला हवा होता. का नाही राहिलात?"

"सोय झाली नाही," मी म्हणाले.

पदवी मिळाली. निवृत्त होईपर्यंत मी नागरी समाजशास्त्र शिकवलं, आणि राहिले सासरीच.