राजूबाईची तूर, अंबाजीची झोप

आमच्या बिदरकडच्या मेहकरात राजूबाईचं शिलाई मशीन आन कायद्याचं पुस्तक एकाच टेबलावर असतंय. पन्नाशीला टेकलेली, नातवाची आजी, आन बिदरला वकिलीच्या पहिल्या वर्षाला जाती. सर शिकवतेत कन्नडात, ही वहीत उतरवती मराठीत. ब्लाऊज टाकायला आलेल्या बाईलाबी धडा देती, "तू कापड दिलंस, मी शिवते म्हनले, झाला करार. कागद असो नसो." मग ब्लाऊज वेळेवर मिळंना की बाया तिलाच करार ऐकवतेत.

तिची म्हैस चारायला सत्तरीचा अंबाजी. गेल्या डिसेंबरात बाभळीखाली त्याचा डोळा लागला आन म्हशीनं शेजारच्या प्रभुलिंगाची शेंगांवर आलेली तूर, चार तासं म्हंजे चार ओळी, साफ केली. प्रभुलिंगानं म्हाताऱ्याला मनगटाला धरून राजूबाईच्या दारात आणलं.

"याला ठाण्यात देतो. मुद्दाम सोडली यानं."

राजूबाईनं मशीनवरचा पाय काढला.

"अण्णा, मुद्दाम सोडली असती तर गुन्हा. झोप लागली ती हयगय. तिला भरपाई असती, कोठडी न्हाई."

"मग भरू दे त्याला."

"त्यानं कामून? म्हैस माझी, काम माझं करायलता. गड्याची हयगय मालकाच्या अंगावर येती. माझ्या तुरीतली चार तासं तुमची."

प्रभुलिंग बघतच ऱ्हायला. "अक्का, सोताच्या अंगावर घ्यायला वकिली शिकायलाव का?"

"पहिल्या वर्षात एवढंच आलंय. अंगावरून काढायचं पुढं शिकवत असतील."

त्यानं हसून मनगट सोडलं. फुगला तो अंबाजी. चाळीस वर्सं गुरं राखलेला माणूस, त्याची चूक बाईनं उचलावी? महिनाभर म्हैस न्यायला यायचा, तोंडातून शब्द न्हाई.

तूर काढायच्या दिवशी मात्र सगळ्यांच्या आधी इळा घेऊन रानात. प्रभुलिंगाला द्यायची चार तासं त्यानंच धरली.

राजूबाई बांधावरून म्हनली, "मामा, ऱ्हाऊ द्या. मजूर सांगितलेत मी."

म्हाताऱ्यानं मान वर केली न्हाई. "चूक तुम्ही घेतलाव. काम तरी माझं ऱ्हाऊ द्या."

राजूबाईनं पदर खोचला, दुसरा इळा घेतला आन त्याच तासाला पलीकडच्या टोकाकून लागली.