लोकरीची साय

सुंदरानं असं तोंड धुतलं की तिची आई, बायजा, हातातलं काम टाकून धावली.

माणच्या माळावर धनगरांची पाच-सहा खोपटी होती. त्यांतलं एक बायजाचं आणि तिच्या नवऱ्याचं, धुळाजीचं. सत्तावन्न सालचा मार्गशीर्ष होता, अंगाला वारा झोंबत होता आणि पाहुणे यायला चारच दिवस उरले होते. पौडकडची सगुणाबाई आपल्या लेकासाठी, बहिरूसाठी, सुंदराला बघायला येणार होती. पोरीला वाटलं, जरा उजळ दिसावं. मग या शहाणीनं काय करावं? लोकर धुवायला भिजवलेल्या रिठ्यांच्या पाण्यात राख कालवली आणि दोन दिवस तोंडाला खसाखसा घासली. जे पाणी लोकरीचं सगळं तेल ओढून काढतं, ते सतरा वर्षांच्या गालांना सोडतंय होय! गालांवर पांढुरके चट्टे उठले. हसायला गेलं की कातडी तडकून रक्त यायचं.

"आये, लई झोंबतंय."

"झोंबू दे! कुनी सांगितलं व्हतं घासायला?" बायजा खेकसली, पण खरं तर ती घाबरली होती.

पांढरा चट्टा दिसला की लोकांच्या तोंडी एकच शब्द येतो, कोड. बायजाला हे कुणी सांगायला नको होतं. ऐन वयात तिचा गालही थंडीनं असाच फुटला होता, अजूनही दर हिवाळ्यात फुटायचा. बघायला आलेली माणसं पाण्यालाही न शिवता उठली होती. वर्षाच्या आत बापानं तिला दुप्पट वयाच्या बिजवराला देऊन टाकलं. धुळाजी वाईट नव्हता, पण वीस वर्षांत त्यानं बायकोच्या तोंडाकडं धड पाहिलं नव्हतं. तेच लेकीच्या वाट्याला यायला नको होतं.

तिनं खोबरेल लावून पाहिलं. घटकाभरात गाल पुन्हा कोरडे. मग भाकरी वाढताना तिचं लक्ष धुळाजीच्या हातांकडं गेलं. टाचांना बोटभर भेगा, ओठ उललेले, आणि दिवाळीपासून मेंढरं कातरणारे हात मात्र मऊसूत! बायजा तशीच उठली. तिनं न धुतलेली लोकर मडक्यात उकळली, पाणी निवू दिलं आणि वर आलेली पिवळसर साय काढून, दोनदा गाळून बोळक्यात भरली. आधी स्वतःच्या मनगटाला लावली, मग लेकीच्या ओलसर गालांवर.

"आये, मेंढराचा वास येतोय."

"मग तू कुनाची लेक हाईस? गप ऱ्हा."

दुसऱ्या दिवशी कातडीचा ताण गेला. तिसऱ्या दिवशी कोंडा सुटला. उजव्या गालावरचा रुपयाएवढा चट्टा मात्र काही केल्या हलेना, आणि चौथा दिवस उजाडला.

सगुणाबाई घोंगडीवर टेकली. पोरीला दोन प्रश्न विचारले आणि म्हणाली, "बाजारात कुनीतरी बोललं, पोरीच्या तोंडावर डाग हाय. पानी आना. तोंड धुऊ द्या तिला."

बायजानं तांब्या दिला. सुंदरानं तोंड धुतलं. पाण्याचे थेंब गालावरून घरंगळून गेले. सगुणाबाईनं पोरीची हनुवटी धरली, अंगठा चट्ट्यावर घासला आणि नाकाशी नेला.

"ह्ये काय लावलंय?"

हळद म्हणून सांगता आलं असतं. धुळाजीनं तशी खूणही केली. बायजानं तिकडं पाहिलं नाही.

"लोकरीची साय हाय. पोरीनं रिठ्यानं तोंड धुतलं, कातडं उललं. कोड न्हाई, बाई. पायजे तर आठ दिसांनी येऊन बघा. पर आसं उठून जाऊ नगा."

सगुणाबाई चट्टा पुन्हा घासू लागली. चट्ट्याची कड सुटली, पापुद्रा गळून पडला, आणि खाली बाकीच्या गालासारखाच सावळा रंग दिसला.

"कोडाचा कोंडा न्हाई पडत," सगुणाबाई म्हणाली. "पोर पसंत हाय आमाला. आन त्ये बोळकं हिकडं."

बायजानं बोळकं पुढं केलं. तिला वाटलं, ही आता सायही पारखणार. सगुणाबाईनं दोन बोटं बुडवली आणि बायजाच्याच फुटलेल्या गालावर फिरवली.

"लेकीचं झालं. तुजं तोंड कुनी बगायचं गं?"

वीस वर्षांत त्या गालाला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. साय भेगांत झोंबली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी बायजानं मान हलवली नाही. तिनं दुसरा गालही पुढं केला.